मातीनं न खाल्लेलं कापड

सोलापूर,
२८ नोव्हेंबर १९७६

चि. गुरुबसप्पा यास शिवयोगीचे आशीर्वाद.

तुझं पाकीट काल दुकानावर आलं. वर पत्ता तू नेहमीसारखाच घातला आहेस. श्री. चन्नप्पा बिराजदार, दुधनी, द्वारा श्री. शिवयोगी बिराजदार, कापड दुकान, चाटी गल्ली, सोलापूर. पोस्टमननं देताना विचारलं, "वडील बरे आहेत ना?" मी मान हलवली. समोर गिऱ्हाईक होतं. दीड महिन्यापूर्वीची गोष्ट काउंटरवरून कशी सांगायची?

सात वर्षं तुझी पत्रं अशीच आली. अप्पांना मोतीबिंदू झाला, म्हणून तू पत्र मी कामाला असलेल्या दुकानावर पाठवायचं आणि मी सुट्टीच्या दिवशी दुधनीला जाऊन ते वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी नाही. कालचं पत्र मी एकट्यानंच वाचलं.

तू विचारतोस, अप्पांना समाधीला ओढ्याकाठी का नाही बसवलं. बांधाच्या अलीकडचा तुकडा माझा आणि ओढ्याकडचा तुझा, ही विभागणी त्यांनीच केली होती. माझ्यानंतर मला ओढ्याकाठच्या बाभळीखाली बसवा, असं ते वर्षानुवर्षं म्हणत, हे मी नाकारत नाही. सगळ्या गावानं ते ऐकलं आहे. पण शेवटच्या पंधरवड्यात त्यांनी ते बदललं. तुझी वहिनी ईरम्मा आणि मठाचे स्वामी दोघं समोर असताना म्हणाले, "मला थोरल्याच्या तुकड्यात बसवा." ईरम्माला पत्र टाकून विचार. बंगळूरहून तू तिसऱ्या दिवशी पोचलास, तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. मी तुझ्या पेटीतलं काही काढून घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलंस आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास.

मिठाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. स्वामींनी खड्ड्यात घालायला एक पोतं मीठ सांगितलं होतं. खाऱ्या मातीत फारसं काही जगत नाही, असं तू एकदा लिहिलं होतंस, ते माझ्या लक्षात राहिलं होतं. मी दोन मुठी टाकल्या. विभूती आणि बेलाची पानं मात्र भरपूर घातली. भावकीत कुजबुज झाली की थोरल्यानं मिठातसुद्धा हात आखडला. मी ऐकून घेतलं. तुझ्या पत्रातलं मी पाळलं, हे त्यांना सांगायची मला इच्छा झाली नाही.

जमिनीतून काढलेल्या कापडाच्या पट्ट्या तू मागितल्या आहेस. त्या कुठे ठेवल्या ते पाहावं लागेल.

घरी सर्व ठीक.

शिवयोगी

*

सोलापूर,
१६ जानेवारी १९७७

चि. गुरुबसप्पा यास आशीर्वाद.

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होती म्हणून उत्तराला उशीर झाला. दुकानात चार दिवस पाय ठेवायला जागा नव्हती.

तू पुन्हा विचारलंस, पट्ट्या उकरल्या त्या दिवशी नेमकं काय झालं. कार्डावर मी चारच ओळी लिहिल्या होत्या. आता सविस्तर लिहितो.

तुझ्या सांगण्याप्रमाणे गेल्या चार जुलैला अप्पांनी आणि आपल्या गड्यानं, धोंडीरामनं, कापडाच्या चोवीस पट्ट्या पुरल्या. बारा माझ्या तुकड्यात, बारा तुझ्यात, वीतभर खोल. माझ्या पट्ट्यांना एक गाठ, तुझ्यांना दोन. तू लिहिलं होतंस की सुती कापड हे मातीतल्या बारीक जिवांचं खाणं आहे, जिथे जीव जास्त तिथे कापड लवकर संपेल, आणि अकरा आठवड्यांनी ओढून पाहिलं की कुणाची माती जागी आहे ते डोळे नसलेल्या माणसालाही कळेल. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अप्पांनी मांडीवर थाप मारली होती. "डोळे नसलेला म्हणजे मी," म्हणाले. "पोरानं माझ्यासाठी परीक्षा काढली."

एकोणीस सप्टेंबरला, पेरणीच्या आधी, त्या उकरल्या. मी होतो. माझ्या तुकड्यातल्या पट्ट्या ठिकठिकाणी खाल्लेल्या होत्या, ओढल्या की फाटत होत्या. तुझ्यातल्या विरळ झाल्या होत्या, पण अखंड होत्या. अप्पांनी दोन हातांत धरून ओढली. तुटली नाही. दुसरी ओढली. तीही नाही. मग बांधावर बसून त्यांनी ती पट्टी बराच वेळ बोटांत फिरवली. त्यांची सवय तुला माहीत आहे, नजर गेल्यापासून सगळं बोटांनीच पाहायचे. मी म्हटलं, "अप्पा, ऊन चढलंय, चला." ते म्हणाले, "साकु," म्हणजे आता पुरे. उठताना एवढंच म्हणाले, "गुरूला तूच लिही. जे खरं ते लिही."

मी कार्ड लिहिलं. तुझ्या तुकड्यातलं कापड कुजलं नाही, असं लिहिलं.

आता एक गोष्ट मला बोलायची आहे. पत्रात बोलायला सोपं जातं. दर आठवड्याला मी दुधनीला उतरायचो तेव्हा माझ्या पिशवीत त्यांचं औषध असायचं, केळी असायची, कधी नवं धोतर. अप्पा ओट्यावरूनच पावलांचा आवाज ओळखायचे आणि विचारायचे, "पत्र आलंय का?" आलास का, असं नाही. पत्र आलंय का. ज्या आठवड्याला ते नसायचं त्या आठवड्याला मी चहा पिऊन परतायचो. असलं तर शेजारच्या बाळासोला हाक जायची, धोंडीरामला हाक जायची. "आमचा गुरू काय लिहितो ऐका." आणि मी मधोमध बसून तुझं वाचायचो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात त्या बुजवू नका, खाली जाणाऱ्यांची ती वाट आहे. ज्वारीची ताटं जाळू नका, ओढ्याकडच्या तुकड्यात वाळवीची पावडर टाकू नका, तुरीचा पाला तिथेच पडू द्या. हरभऱ्याचं रोप उपटून मुळावरच्या गाठी फोडून पाहा, आत गुलाबी असेल तर ती कामाला लागलेली आहे. मी ते शाळेत धडा वाचावा तसं वाचायचो. एक शब्द गाळला नाही. आणि वाचून झालं की अप्पा माझ्या हातातून कागद घेऊन नाकाला लावायचे.

माझ्या तुकड्यात मी खताची पोती घातली, पावडर टाकली, ज्वारी काढली. कुणी कधी कुणाला हाक मारली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं तुला आठवतं का? तू पत्रात लिहिलं होतंस की गांडुळं मेलेली नाहीत, दोन-तीन हात खाली चिखलाच्या गोळीत वेटोळं करून झोपलेली आहेत. गाव हसलं. अप्पांनी एकट्यानं कुदळ घेतली. कमरेइतका खड्डा केला तेव्हा एक सुपारीएवढं वेटोळं सापडलं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. दुपारनंतर ते हललं. अप्पा असे हसले की अव्वा गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "जिवंत हाय! गुरूनं सांगितलं तसं, जिवंत हाय!" ते फडकं मी दुकानातून आणलेलं होतं. पाणी मी शिंपडलं होतं.

ज्वारी बरी आहे. दोन्हीकडची.

शिवयोगी

*

सोलापूर,
१३ मार्च १९७७

चि. गुरुबसप्पा यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू लिहितोस की तुझा हिस्सा विकून टाकावा. सात वर्षं अप्पांना खोटी आशा दाखवली, असं तुला वाटतं. त्यांच्या म्हातारपणाचे दिवस तू एका मेलेल्या जमिनीवर खर्च करायला लावलेस, आणि शेवटी त्यांनाही ती नकोशी झाली, म्हणून त्यांनी बसायची जागा बदलली, असं तू लिहिलं आहेस. तुझ्या प्रयोगशाळेच्या माती-अहवालातून दुधनीचं नाव काढून टाकलंस, हेही वाचलं.

तुझी मर्जी. बाळासो किती दिवसांपासून तो तुकडा मागतो आहे. ओढा जवळ आहे, तो बांध फोडून सगळं एक करील. मुखत्यारपत्र पाठव, मी अक्कलकोटला जाऊन कागद करीन.

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कधी तू विचारलंस तर मी नाही म्हणेन.

तुझ्या वहिनीला मात्र नाही बरं वाटलं. ती म्हणाली, "भावोजींनी येऊन एकदा रान बघावं की, मग विकावं." मी म्हटलं, त्याला रजा नाही. तू तसं लिहिलेलं नव्हतंस.

शिवयोगी

*

सोलापूर,
३ एप्रिल १९७७

गुरू,

कापड मी बदललं होतं.

ही ओळ लिहून मी दुकानात जाऊन आलो. दिवसभर कापलं, मापलं, घड्या घातल्या. आता पुढचं लिहितो.

तू सांगितल्याप्रमाणे मी चोवीस पट्ट्या मांजरपाटाच्या कापल्या होत्या. खळ निघावी म्हणून घरी सोड्यात उकळल्या. ईरम्मानं पातेल्यात पाहून विचारलं, "एवढे लंगोट कुणासाठी?" मीही हसलो होतो. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात टेरिकॉटचं नवं ठाण आलं. पांढरं, जाडसर, लांबून सुतीच वाटावं असं. मालकांनी नेहमीप्रमाणे मला सांगितलं, "शिवयोगी, काडी लावून बघ." कापडाचं टोक पेटवायचं. सुती असलं तर कागदासारखं जळतं, मऊ राख होते आणि बोटांनी चुरली जाते. टेरिलीन मिसळलेलं असलं तर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. मी काडी लावली. मणी झाला. आणि त्या क्षणी मला कळलं की हे कापड मातीला खाता येणार नाही. त्यातला कापूस जाईल, पण सांगाडा राहील.

बारा पट्ट्या त्या ठाणातून कापल्या. तीनदा उकळल्या, चुलीजवळ वाळवून पिवळट केल्या आणि दोन-दोन गाठी मारल्या. अप्पांनी पुरताना एक हातात घेतली आणि म्हणाले, "ही जरा निसटतीया रे." मी म्हटलं, "खळ काढली आहे ना." त्यांनी ती खड्ड्यात ठेवली.

का केलं, हे तू मला विचारू नकोस. जानेवारीत मी तुला लिहिलं आहे, त्यापेक्षा जास्त माझ्याजवळ काही नाही. मला इतकंच पाहायचं होतं की एकदा, एकाच दिवशी, बाळासो आणि धोंडीरामसमोर, माझा तुकडा तुझ्यापेक्षा बरा ठरतो. त्यातून पुढे एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात अप्पा आजारी पडले आणि मला थोरल्याच्या तुकड्यात बसवा म्हणाले. मी खाटेजवळ उभा होतो. गुरू, मला रडू आलं नाही. मी जिंकलो असं वाटलं. त्यांच्या अंगावर विभूती लावतानाही मला तेच वाटत होतं. बंगळूरला तार उशिरा पोचली ती मात्र पोस्टामुळे, माझ्यामुळे नाही. एवढं तरी मानशील.

हे मी तुला कधी सांगितलं नसतं. तुझा तुकडा बाळासोला गेला असता, बांध फुटला असता, संपलं असतं. पण गेल्या सुट्टीला खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती, तेव्हा मी धोंडीरामला म्हटलं की यंदापासून ओढ्याकडचं रान बाळासोचं. तो दावण सोडून माझ्याकडे आला.

"आण्णा, ते रान कशापायी इकताय?"

"मेलेलं आहे ना ते. कापड कुजलं नाही त्यातलं. तूच उकरलंस की."

तो जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "कापड कुजायला त्यात कापूस लागतोय की, आण्णा."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"म्हाताऱ्यानं. कापडं उकरली त्याच दिवशी. तुमी इष्टेशनाकडं गेला आन् म्हातारं म्हनलं, धोंड्या, काडी हाय का? म्या म्हनलं, आप्पा, बिडी तर तुमी कवाच सोडलीया. म्हनलं, दे की मुकाट्यानं. पट्टीचं टोक पुढं धरलं, मला पेटवाया लावलं. भपकन जळलं न्हाय, नुसतं आकसलं. इझल्यावर म्हाताऱ्यानं त्यावर अंगठा फिरवला."

"मग?"

"मग हासलं की. लई येळ. म्हनलं, आमचा थोरला कापडातला लई जाणता हाय."

"आणखी काय म्हणाले?"

"ह्ये कुनाला बोलायचं न्हाय म्हनले. म्या न्हाय बोललो. पन तुमी रान इकाय लागला. मेलेलं रान आसतं तर म्या बी गप बसलो आसतो. ह्या वर्साची जुंधळ्याची कणसं बघितलीसा का? तुमच्यापरीस हातभर ताट वर हाय. म्हाताऱ्याचं रान हाय ते, आण्णा. आसं नगा करू."

काडीची ती परीक्षा अप्पांना मीच दाखवली होती. दुकानात नवा लागलो त्या वर्षी, दुधनीच्या ओट्यावर, मोठ्या ऐटीत. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. "म्हणजे कापडसुद्धा खोटं बोललं तर पकडता येतं म्हण," असं ते म्हणाले होते.

घरी जाऊन त्यांची पेटी उघडली. विभूतीच्या डबीखाली, तुझ्या पत्रांच्या गठ्ठ्यावर ती पट्टी घडी करून ठेवलेली होती. दोन गाठी. एका टोकाला काळा मणी.

आता तू तारखा लाव. पट्ट्या एकोणीसला काढल्या. त्याच दुपारी त्यांनी काडी लावली. मला थोरल्याच्या तुकड्यात बसवा, हे ते त्यानंतर आठ दिवसांनी बोलले. म्हणजे तुझी माती जिवंत आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी काय केलं तेही ठाऊक होतं. तुझ्या रानावर ते रुसले नव्हते. सगळं माहीत असून ते माझ्याकडे आले.

मी त्यांना फसवून ओढून आणलं, असं समजत होतो. सहा महिने त्यात सुख मानलं, आणि आता कळतं की ती फसवणूक त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

जे खरं ते लिही, असं ते मला म्हणाले होते. तेव्हाही त्यांच्या हातात तीच पट्टी होती. काडी नंतर लावली, पण बोटांना आधीच कळलं असावं. मी लिहीन की नाही हे बघायला त्यांच्याजवळ तीनच आठवडे होते. मी लिहिलं नाही. ते आता लिहिलं.

तुझा तुकडा विकू नकोस. अहवालात दुधनीचं नाव परत घाल. यंदा तुझ्याकडची ज्वारी माझ्यापेक्षा जास्त झाली, कडबाही जास्त. पीक उभं असताना, जानेवारीतच हे मी बघितलं होतं आणि कळवलं नव्हतं.

बाकीच्या अकरा पट्ट्या वेगळ्या पार्सलनं पाठवतो. मणी असलेली ती एक मी देणार नाही. मागू नकोस.

शिवयोगी

*

सोलापूर,
२५ सप्टेंबर १९७७

चि. गुरू यास आशीर्वाद.

तुझं उत्तर येईल म्हणून एप्रिलपासून मी रोज पोस्टमनकडे बघत होतो. जूनच्या शेवटी कार्ड आलं, त्यात दोन ओळी. "जमीन विकायची नाही. त्या कापडात टेरिलीन शेकडा किती होतं?" बाकी एक शब्द नाही. ईरम्मानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "भावोजी अजून रागात आहेत." मी म्हटलं, "नाही, आता तो कामाला लागला." शेकडा सदुसष्ट. ठाणावर छापलेलं होतं.

जुलैच्या दहा तारखेला मी आणि धोंडीरामनं पुन्हा पट्ट्या पुरल्या. अप्पांचं जुनं धोतर फाडून केल्या. ते मिलचं सुती आहे, मीच त्यांना आणून दिलं होतं, काडी लावून खात्री केली आहे. बारा तुझ्याकडे, बारा माझ्याकडे. त्यांतली एक अप्पा बसले आहेत तिथे, पाठीकडच्या बाजूला, दगडापासून हातभर अंतरावर. खोल नाही, वीतभरच. धोंडीराम म्हणाला, "म्हाताऱ्याचं धोतार म्हाताऱ्याकडं गेलं."

आज अकरा आठवडे झाले. सकाळी तुझ्याकडच्या काढल्या. काढल्या असं म्हणायचं एवढंच. दोन ठिकाणी काठाचा दोरा मिळाला. तीन ठिकाणी जाळीसारखं काहीतरी होतं, ते हाताला लागताच मातीत मिसळलं. उरलेल्या ठिकाणी पट्टी कुठे पुरली होती तेच सापडेना. माती काळी, ओलसर, आणि त्यात पांढरे बारीक तंतू पसरलेले होते, मुळांच्या टोकांना चिकटलेले. तू कधीतरी बुरशीचे धागे म्हणून लिहिलं होतंस ते हेच असावेत. मी पूर्वी ते वाचून दाखवलं होतं, पण उकरून कधी पाहिलं नव्हतं. एक मूठ नाकाला लावली. अप्पा कागद नाकाला का लावायचे, ते मला नीट कळलं नाही, पण थोडंसं कळल्यासारखं वाटलं.

माझ्याकडच्या अकरा काढल्या. अर्ध्या खाल्लेल्या, अर्ध्या तशाच. पावडर मी यंदा टाकली नाही. तू म्हणशील एका वर्षात काय होणार. नाही होणार, दिसतं आहे.

बारावी मी काढलेली नाही. अप्पांजवळची. ती तू काढ. बारा ऑक्टोबरला अप्पांना जाऊन वर्ष होईल. स्वामींना जेवायला सांगितलं आहे, ईरम्मा गव्हाची गोड हुग्गी करणार आहे, तुला आवडते तशी. तू तुझी ती माती काढायची नळी आणि बाटल्या घेऊन ये. तुझ्या तुकड्यातली माती घे, माझ्यातली घे आणि अप्पांच्या जवळचीही घे. तिथे खाली कोण कोण आहे ते मोजून मला सांग. तुझ्यापेक्षा कमी निघालं तर कमीच सांग. माझ्या समाधानासाठी वाढवू नकोस.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकू. तुझं रान चांगलं आहे, हे मी आता चारचौघांत बोलतो, बाळासोलाही सांगितलं. ओढा तुझा, बाभूळ तुझी, तुझे ते पांढरे धागेही तुझे. पण अप्पा माझ्याकडे आहेत. तिथे तू खाली बसून हात जोड, माती घे, किती वेळ बसायचं तितका बस. मात्र त्यांना परत ओढ्याकाठी न्यावं, असं मनातही आणू नकोस. ते माझ्याकडे आपणहून आले आहेत, आणि ते काय माहीत असून आले हे तुला आता ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मला एवढंच मिळालं आहे.

आणि आल्यानंतर परत गेलास की पत्र लिही. खुशालीचं नको, ते ईरम्माला लिही. मातीचं लिही, अप्पांना लिहायचास तसं. भेगांचं, मुळांवरच्या गाठींचं, खाली झोपणाऱ्यांचं. सात वर्षं मी ती पत्रं वाचली, पण ऐकणारा मी नव्हतो. सुट्टीच्या दिवशी मी अजून दुधनीला जातो. बांधावर बसून वाचेन. धोंडीराम असतोच.

पत्ता दुकानाचाच घाल. फक्त या वेळी वर माझं नाव लिही, आणि 'द्वारा' लिहू नकोस.

शिवयोगी